‘होल इन द वॉल’ ही लोकधून आहे की पर्सेलची रचना?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आईने विचारलंय: बारा वर्षांची मुलगी चार वर्षांपासून वेस्टर्न व्हायोलिन शिकतेय. तिच्या पुस्तकात ‘होल इन द वॉल’ नावाची छोटीशी धून आहे आणि वर फक्त ‘पारंपरिक इंग्लिश कंट्री डान्स’ असं छापलंय. सर म्हणतात, ही खेड्यातली लोकधून, कुणी बांधली ते माहीत नाही. पण दुसऱ्या एका ठिकाणी हीच धून हेन्री पर्सेल या सतराव्या शतकातल्या इंग्रज रचनाकाराच्या नावावर दिसली. मग खरं काय? शिवाय मुलगी वाजवते तेव्हा सूर बरोबर लागतात, तरी कानाला ते वॉल्ट्झसारखं, म्हणजे तीन मात्रांच्या गोल फिरणाऱ्या नाचासारखं लागतं. सर म्हणतात ‘हे ते नव्हे’, पण नेमकं काय चुकतंय ते सापडत नाही.

मी मूळची पुण्याची. लहानपणी मांडी घालून हिंदुस्थानी व्हायोलिन शिकले, नंतर स्टाफ नोटेशनकडे वळले आणि गेली बावीस वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये नाचणाऱ्यांसाठी व्हायोलिन वाजवते. ‘होल इन द वॉल’ मी किती वेळा वाजवली असेन याचा हिशेब नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. धून पर्सेलचीच. आणि तरीही तुमच्या सरांचं म्हणणं अगदी निराधार नाही. ते कसं, हे समजायला १६९५ सालच्या लंडनमध्ये जावं लागेल.

अफ्रा बेन ही इंग्रजीतली लेखणीवर पोट भरणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. तिचं ‘ॲब्डेलाझर’ हे नाटक मूळ १६७६ मधलं. स्पेनचा दरबार, एक मूर सरदार, त्याचा सूड, रक्तपात, असा सगळा मामला. १६९५ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनच्या थिएटर रॉयलने ते पुन्हा रंगमंचावर आणलं आणि संगीत करायला पर्सेलला सांगितलं. त्या काळात नाटकाचं संगीत म्हणजे फक्त गाणी नव्हेत. जागा आधी राखून ठेवायची सोय नसल्याने लोक तास तास आधी येऊन बसत. ती मंडळी शांत राहावीत म्हणून तंतुवाद्यांचा ताफा आधी ‘फर्स्ट म्युझिक’ वाजवी, मग ‘सेकंड म्युझिक’, मग पडदा उघडण्यापूर्वी ओव्हर्चर, आणि पुढे प्रत्येक अंकाच्या शेवटी एकेक छोटी धून. आपल्याकडे संगीत नाटकात नांदीआधी ऑर्गन-तबला जुळत असतानाच प्रेक्षागृहाचा नूर ठरायचा, तसंच हे काम होतं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि बास, अशा एकत्र वाजणाऱ्या चार सुरावटींत पर्सेलने हे तुकडे लिहिले. त्यातला एक हॉर्नपाइप (हा एक इंग्लिश नाचाचा प्रकार), म्हणजेच तुमच्या मुलीच्या पुस्तकातली धून.

याच नाटकाच्या संगीतातला ‘रोंदो’ हा दुसरा तुकडा जास्त प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बेंजामिन ब्रिटनने तो घेऊन मुलांना वाद्यवृंदाची ओळख करून देणारी आपली रचना बांधली. वेस्टर्न संगीत शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या कानावर तो कधीतरी पडतो. हॉर्नपाइप मात्र वेगळ्या वाटेने गेला.

‘ॲब्डेलाझर’ रंगमंचावर आलं त्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १६९५ रोजी, पर्सेल गेला. वय अवघं छत्तीस. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जो ऑर्गन तो वाजवायचा, त्याच्याजवळच त्याला पुरलंय. त्याची बायको फ्रान्सिस हिच्या पदरी मुलं होती आणि हातात नवऱ्याच्या हस्तलिखितांचा ढीग. १६९७ मध्ये तिने त्याचं नाटकांसाठीचं तंतुवाद्य संगीत एकत्र छापून आणलं. हा हॉर्नपाइप त्यामुळे नाटकगृहाबाहेर, घरोघरच्या व्हायोलिनवाल्यांपर्यंत पोचला. आणि १६९८ मध्ये हेन्री प्लेफर्ड या प्रकाशकाच्या नाचांच्या पुस्तकात तीच धून ‘होल इन द वॉल’ या नावाने, खाली नाचाच्या पायऱ्यांसकट, हजर झाली. नाटकगृहातून नाचघरात यायला तिला फक्त तीन वर्षं लागली.

प्लेफर्डचं हे घराणं ध्यानात घेतल्याशिवाय ‘पारंपरिक’ या शिक्क्याचा उलगडा होत नाही. हेन्रीचा बाप जॉन प्लेफर्ड. लंडनच्या टेंपल चर्चच्या देवडीत त्याचं संगीताच्या पुस्तकांचं दुकान होतं. आसपास वकिलीचं शिक्षण घेणाऱ्या तरुण मुलांची वस्ती, आणि त्या मुलांना कायद्याइतकीच नाच येण्याचीही गरज. जॉनने १६५१ मध्ये ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ काढलं. त्यात शंभरहून थोडे जास्त नाच होते. वर धून, खाली सूचना, पुरुषासाठी चंद्रकोरीची खूण आणि स्त्रीसाठी वर्तुळाची. पुस्तक इतकं खपलं की आधी बापाने, तो गेल्यावर मुलाने, आणि नंतर दुसऱ्या प्रकाशकाने, भर घालत घालत साधारण १७२८ पर्यंत अठरा आवृत्त्या काढल्या. प्रत्येक आवृत्तीत जुन्या धुना काढायच्या आणि शहरात जे गाजतंय ते घालायचं. नाटकातला तुकडा, रस्त्यावरचं गाणं, स्कॉटलंडहून आलेली चाल, सगळं एकाच रांगेत. आणि बहुतेक धुनांवर रचनाकाराचं नाव नाही. नाचणाऱ्याला ते नको असायचं, त्याला चाल आणि पावलं हवी असायची.

नाव गळलं ते इथे. त्यात कुणी चोरी केली असं मला वाटत नाही. पर्सेल आणि प्लेफर्ड कुटुंब एकमेकांच्या जवळचे होते. जॉन प्लेफर्ड वारला तेव्हा पर्सेलने त्याच्यासाठी शोकगीत रचलं होतं, आणि पर्सेल गेल्यावर १६९८ मध्ये त्याच्या गाण्यांचा मोठा संग्रह हेन्री प्लेफर्डनेच छापला. म्हणजे एकाच वर्षी एकाच प्रकाशकाकडून पर्सेल दोनदा बाहेर पडला. एका पुस्तकात मोठ्या सन्मानाने नावासह, दुसऱ्यात विनानाव. मला ही गोष्ट फार हलवून जाते.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, हे लक्षात घ्या. १६५१ च्या त्याच नाचांच्या पुस्तकात ‘स्टिंगो’ नावाची एक चाल आहे. जवापासून केलेल्या कडक दारूचं ते नाव. तीच चाल पुढे ‘कोल्ड अँड रॉ’ या गाण्याची म्हणून घराघरात झाली. जॉन हॉकिन्स या अठराव्या शतकातल्या संगीत इतिहासकाराने एक हकिगत नोंदवलीय. राणी मेरीला एकदा संगीत ऐकायची लहर आली. दरबारात एक गायिका होती आणि साथीला पर्सेल. पर्सेलच्या दोन-चार रचना झाल्या, आणि राणीने मध्येच गायिकेला विचारलं, ‘कोल्ड अँड रॉ’ येतं का? गायिकेने ते ल्यूटवर गाऊन दाखवलं. पर्सेल हार्पसिकॉर्डपाशी रिकामा बसून राहिला. १६९२ मध्ये राणीच्या वाढदिवसासाठी त्याने जी रचना केली, त्यातल्या एका गाण्याच्या बासमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरावटीत, हीच चाल अखंड चालते. वर त्याचा स्वतःचा दरबारी थाट, तळाला रस्त्यावरचं गाणं. हकिगतीत तिखटमीठ असेल नसेल, पण रचना समोर आहे आणि त्यात ती चाल स्पष्ट ऐकू येते. तर नाचाच्या पुस्तकातून पर्सेलकडे एक चाल गेली आणि पर्सेलकडून नाचाच्या पुस्तकात एक आली. या काळात ‘लोक’ आणि ‘शास्त्रीय’ यांच्यामध्ये आज आपण जी भिंत घालतो, ती नव्हतीच.

नाच तरी खेड्यातला होता का? ‘कंट्री डान्स’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गवताची गंजी आणि शेतकरी येतात. खेड्यात नाच होतेच, पण प्लेफर्डचं गिऱ्हाईक शहरी होतं, आणि राजवाड्यातही हेच नाच चालत. सॅम्युअल पेपिसने आपल्या रोजनिशीत ३१ डिसेंबर १६६२ च्या रात्रीचं वर्णन लिहून ठेवलंय. व्हाइटहॉल राजवाड्यात आधी फ्रेंच नाच झाले, मग दुसऱ्या चार्ल्स राजाने स्वतः पुढे होऊन कंट्री डान्स सुरू करायला लावला आणि त्यासाठी एक जुनी इंग्लिश धून सांगितली.

मग ‘पारंपरिक’ हे विशेषण कुठून चिकटलं? त्यासाठी दोनशे वर्षं पुढे यावं लागतं. एकोणिसाव्या शतकात वॉल्ट्झ, क्वाड्रिल, पोल्का आले आणि ही पुस्तकं ग्रंथालयांच्या कपाटात गेली. सेसिल शार्प नावाचा संगीतशिक्षक १८९९ च्या नाताळात ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमध्ये सासुरवाडीला होता. बॉक्सिंग डेच्या दिवशी त्याने गावकऱ्यांचा मॉरिस नाच पाहिला. साथीला विल्यम किंबर हा तरुण कॉन्सर्टिना वाजवत होता. शार्पने त्याच्याकडून चाली उतरवून घेतल्या आणि पुढचं आयुष्य इंग्लंडची गाणी आणि नाच गोळा करण्यात घातलं. १९०९ मध्ये त्याने खेड्यांत अजून जिवंत असलेल्या कंट्री डान्सचं पुस्तक काढलं. १९११ पासून मात्र त्याने प्लेफर्डच्या पुस्तकांतले नाच सोडवून छापायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन झाली. आता बघा, छापील शहरी पुस्तकातले नाच ‘फोक’ नावाच्या छत्राखाली आले. शार्पच्या प्रचारामुळे ते शाळाशाळांत पोचले, आणि शाळेच्या वहीत, परीक्षेच्या पुस्तकात ‘पारंपरिक’ हा शब्द सोयीचा म्हणून रुळला. शार्पचं ऋण मोठं आहे. तो नसता तर मी आज हे वाजवत नसते. पण या एका शब्दामुळे कितीतरी रचनाकार दिसेनासे झाले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून माझी विनंती, मुलगी ही धून कार्यक्रमात वाजवेल तेव्हा तिने हेन्री पर्सेल हे नाव आवर्जून घ्यावं. १६९५ हेही सांगावं.

सिनेमांनी यात आणखी एक गोंधळ घातलाय. जेन ऑस्टिनच्या तरुणपणावरच्या २००७ च्या ‘बिकमिंग जेन’ या चित्रपटात ‘होल इन द वॉल’ नाचताना दाखवलंय. त्याआधी तिच्याच कादंबरीवरच्या २००५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथ आणि डार्सी ज्या धुनेवर नाचतात, ती ‘ॲब्डेलाझर’मधल्या रोंदोवरून घेतलेली. ऑस्टिनचा जन्म १७७५ चा. तिच्या ऐन तारुण्यात ही धून शंभर वर्षं जुनी झालेली होती. तिच्या पिढीच्या नाचांचा वेग आणि उड्या वेगळ्याच होत्या. पडद्यावर ती धून सुंदर दिसते, कारण तिच्यात दोन माणसांना एकमेकांकडे बघायला वेळ मिळतो. पण त्यावरून ही ऑस्टिनच्या काळातली धून आहे असं मुलीच्या डोक्यात बसू देऊ नका.

नावाबद्दल. ‘भिंतीतलं भोक’ हे त्या काळात गुत्त्याचं, खाणावळीचं नाव असायचं. अरुंद दरवाजा, आत काळोख, अशी छोटी जागा. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनजवळ चँडोस स्ट्रीटवर याच नावाची एक प्रसिद्ध खाणावळ होती. क्लॉड ड्यूव्हाल हा घोड्यावरून लुटणारा दरोडेखोर तिथेच पकडला गेला आणि जानेवारी १६७० मध्ये टायबर्नला फाशी गेला. ड्रुरी लेनचं थिएटर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. प्लेफर्डच्या पुस्तकांत गल्ल्या, खाणावळी, चौक यांची नावं धुनांना सर्रास दिलेली आढळतात. त्यामुळे मी ही धून वाजवताना माझ्या डोळ्यांसमोर भिंतीला पडलेलं भगदाड नसतं, नाटक सुटल्यावर लोक जिथे शिरायचे तो ठेंगणा दरवाजा असतो.

आता दुसरा प्रश्न, वॉल्ट्झचा. माझ्या दृष्टीने हा जास्त महत्त्वाचा.

हॉर्नपाइप म्हटलं की आज लोकांना खलाशांचा चार मात्रांचा उड्यांचा नाच आठवतो. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला प्रकार. पर्सेलच्या काळातला हॉर्नपाइप तीनाचा, कागदावर वर तीन खाली दोन असा लिहिलेला, म्हणजे एका बारमध्ये (दोन उभ्या रेषांमधल्या खंडात) तीन मिनिम. मिनिम म्हणजे दोन क्रोचेटएवढा लांब सूर. हा तीनाचा हॉर्नपाइप उत्तर इंग्लंडचा खास माल. १७०५ मध्ये थॉमस मार्सडेनने लँकाशायरच्या हॉर्नपाइपांचं एक पुस्तकच काढलं, तेही हेन्री प्लेफर्डनेच छापलं. न्यूकासलकडच्या विल्यम विकर्सच्या १७७० च्या वहीतही या जातीच्या धुना भेटतात. तुमच्या सरांचं म्हणणं अगदी निराधार नाही, ते मी यासाठी म्हटलं. धून पर्सेलची, पण तिची चाल, तिचा ठेका हा पर्सेलच्या आधीपासून लोकांच्या पायात होता. त्याने तो उचलला आणि त्यावर आपला सूर चढवला.

वॉल्ट्झमध्ये पहिल्या मात्रेवर वजन, दुसरी-तिसरी हलकी, आणि सगळं गोल फिरतं. इथे तिन्ही मिनिम सारख्या वजनाच्या आहेत, कारण प्रत्येक मिनिम म्हणजे एक पाऊल. साधं, चालायचं पाऊल. आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तीन मिनिम म्हणजे सहा क्रोचेट. सहा ऐकलं की आपल्या कानात दादरा वाजायला लागतो: धा धी ना, धा ती ना. म्हणजे तीन आणि तीन. पण या धुनेतले सहा दोन-दोन-दोन असे फोडायचे आहेत. माझंही पहिली दोन वर्षं हेच झालं होतं. हात बरोबर, नोटेशन बरोबर, आणि आत कुठेतरी तबलजी दादरा धरून बसलेला. तीनाच्या हॉर्नपाइपची गंमत अशी की एखाद्या बारमध्ये सूर मुद्दाम अडखळवून क्षणभर तीन-तीनचा भास करतात आणि लगेच दोन-दोन-दोनवर परत येतात. ती गंमत कळायला खालचे तीन अढळ असावे लागतात.

मला हे कळलं ते एका गावच्या हॉलमध्ये. नोव्हेंबरची रात्र, लाकडी फरशी, कोपऱ्यात चहाचं भलंमोठं भांडं उकळतंय. मी नुकतीच त्या मंडळींत वाजवायला लागले होते. ‘होल इन द वॉल’ लागली. मी तिला कार्यक्रमात वाजवतात तशी वाजवली. ओळीच्या शेवटी लय जरा सैल सोडली, मध्ये आवाज फुगवला, व्हायब्रेटो (बोट हलवून सूर थरथरवणं) भरपूर. समोर नाचणाऱ्यांचे पाय ओळीच्या शेवटी हवेत थांबलेले मला दिसले, पण का ते समजेना. नाच संपल्यावर नाच सांगणाऱ्या आजोबांनी माझ्याकडे येऊन व्हायोलिन खाली ठेवायला सांगितलं, दुसऱ्या वादकाला वाजवायला बसवलं, आणि मला रांगेत उभं केलं.

नाच असा आहे. पुरुषांची एक रांग, स्त्रियांची एक रांग, समोरासमोर. दोन-दोन जोड्यांचा एक गट. धुनेचा पहिला भाग चार बारचा. त्यात पहिली जोडी बाहेरच्या बाजूने वळून दुसऱ्या जोडीच्या मागून खाली जाते, सहा पावलं. आणि हात धरून मधून परत वर येते, सहा पावलं. तोच भाग पुन्हा वाजतो तेव्हा दुसरी जोडी तेच उलट करते: मागून वर, मधून खाली. दुसरा भागही चार बारचा. त्यात पहिला पुरुष आणि दुसरी स्त्री तिरक्या रेषेत जागा बदलतात, सहा पावलं. मग उरलेले दोघं, सहा पावलं. तो भाग पुन्हा वाजतो तेव्हा चौघं हात धरून अर्धं वर्तुळ फिरतात, सहा पावलं. आणि शेवटी पहिली जोडी एक जागा खाली उतरते, दुसरी वर चढते, सहा पावलं. झाली अठ्ठेचाळीस पावलं. आता पहिली जोडी नव्या शेजाऱ्यांसमोर आहे आणि धून पुन्हा पहिल्यापासून.

मी स्त्रियांच्या रांगेत दुसरी होते. तिरकं ओलांडायची वेळ आली. समोरून एक उंच गृहस्थ निघाले, मी निघाले. एक, दोन, तीन. तिसऱ्या पावलाला आम्ही मधोमध, अगदी समोरासमोर, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. नजरेला नजर. मग चार, पाच, सहा, एकमेकांभोवती वळून पाठमोरे मागे सरकत आपापल्या नव्या जागी. पहिला बार संपतो तो नेमका या भेटीच्या क्षणी. मी वाजवताना त्या बाररेषेवर श्वास घेत होते, आणि नाचणारे दोघं त्याच क्षणी सगळ्यात जास्त वेगात, एकमेकांच्या सगळ्यात जवळ असत. मी त्यांच्या पायाखालची फरशीच काढून घेत होते. त्या रात्री घरी येऊन मी स्वरलिपीतल्या दर दुसऱ्या बाररेषेवर पेन्सिलीने कमान काढली. दोन बार मिळून एक वाक्य, आणि वाक्याच्या मध्यावर भेट. तिथे थांबायचं नाही, तिथूनच पुढे ढकलायचं.

म्हणून मुलीसाठी पहिला सराव व्हायोलिनशिवाय करा. खोलीतलं टेबल बाजूला सारा. तिला धून गुणगुणत मिनिमला एक पाऊल असं चालू दे. टाळी नको, मान डोलावणं नको, पाऊलच हवं. उजवा-डावा-उजवा, मग पुढच्या बारला डावा-उजवा-डावा. सहाव्या पावलाला ती भिंतीपाशी पोचून वळेल अशी जागा ठेवा. शक्य असेल तर तुम्ही समोरून चालत या आणि तिसऱ्या पावलाला मध्ये भेटा. दोन दिवस हे केलं की वॉल्ट्झ आपोआप निघून जाईल.

मग गज. त्या काळातल्या फ्रेंच धाटणीच्या वादनात नियम असा, की प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला गज खालीच ओढायचा, म्हणजे तीनाच्या प्रत्येक बारमध्ये कुठेतरी गज उचलून परत आणायचा. दरबारी नाचाला ते शोभतं. या धुनेला मी तसं करत नाही. पहिला बार खाली-वर-खाली, दुसरा वर-खाली-वर, आणि तिसऱ्या बारला आपोआप पुन्हा खाली. नाचणाऱ्याचे पाय नेमके असेच बदलतात. एक पाऊल, एक गज. एका मिनिमच्या जागी दोन क्रोचेट असतील तिथे दोन्ही एकाच ओढीत बांधा, म्हणजे हिशेब मोडत नाही. सुरुवातीला वर ओढलेल्या बारची पहिली मात्रा कच्ची लागेल. तेवढ्याच मात्रेचा वेगळा सराव करा, कोपर सैल ठेवून गजाच्या मधल्या भागात. पुस्तकात गजाच्या खुणा वेगळ्या असतील तर परीक्षेपुरतं सरांना विचारून ठरवा. कान तयार करण्यासाठी मात्र माझी पद्धत एकदा वापरून बघाच.

त्या वेळचा गज आजच्यापेक्षा आखूड आणि हलका होता. नाच शिकवणारे मास्तर तर ‘किट’ नावाचं चिमुकलं, कोटाच्या खिशात मावणारं व्हायोलिन बाळगत. स्वतःच पावलं दाखवत आणि स्वतःच वाजवत. त्या वाद्यातून लांब, फुगणारा सूर निघतच नाही. निघते ती स्पष्ट सुरुवात आणि मग मोकळा सोडलेला सूर. तुमच्या मुलीच्या व्हायोलिनवरही तेच करायचंय: प्रत्येक ओढीची सुरुवात स्वच्छ, शेवट हलका. व्हायब्रेटो जवळजवळ नाहीच. जिथे शक्य असेल तिथे मोकळी तार वाजू द्या.

लय मिनिटाला शंभर पावलांच्या आसपास धरा. म्हणजे पूर्ण धून, दोन्ही भाग दोनदा, साधारण अर्ध्या मिनिटात होते. यापेक्षा फार संथ वाजवली तर पाय चालायचे सोडून तरंगायला लागतात. सिनेमांमुळे हल्ली तसं वाजवायची टूम निघालीय. मला ती मान्य नाही. चालणाऱ्या माणसाला तोल सांभाळण्यासाठी थोडा वेग लागतोच.

तुमच्या मुलीला या नाचाचं आपल्या बाजूचं नातं सांगा, तिला आवडेल. हे इंग्लिश नाच फ्रान्समध्ये गेले. राऊल फ्यूये याने १७०६ मध्ये त्यांचं फ्रेंच पुस्तक काढलं आणि तिकडे ते ‘काँत्रदाँस’ झाले. पुढे मोझार्ट-बेथोव्हेननेही काँत्रदाँस लिहिले. पोर्तुगीजांकडे तेच ‘कोंत्रादान्सा’. गोव्यातला मांडो बघितलात तर स्त्री-पुरुषांच्या समोरासमोरच्या दोन रांगा, पुढे येणं, मागे सरणं, जागा बदलणं. मला पहिल्यांदा तो पाहताना गावचा तो हॉल आठवला. आणि तंजावरला, सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. त्याच तमिळ मुलखात, त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी धुनांवर संस्कृत शब्द बांधून ‘नोट्टुस्वर’ रचले. त्यातलं ‘कमलासन वंदित’ हे ‘गॅलोपीड’ या इंग्लिश कंट्री डान्सच्या धुनेवर आहे. मुलीला मूळ इंग्लिश धून आणि हे गीत, दोन्ही एकापाठोपाठ ऐकवा. एकच धून नाचाच्या पावलांवर कशी चालते आणि देवीच्या स्तुतीत कशी बसते, हे तिला तिच्या कानांनीच कळेल.

शेवटी एक बारीक गोष्ट. परीक्षेत धून दोन्ही भाग वाजवून संपते, पण नाचाला ती सहा-सात वेळा फिरते. घरी तिला सलग तीन वेळा तरी वाजवायला सांगा, मध्ये न थांबता. पहिल्या फेरीत साधी, दुसऱ्या फेरीत एखादा ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची झपाट्याने आलटापालट), तिसऱ्या फेरीत पुन्हा साधी. आणि अखेरच्या सुरानंतर गज तारेवरून लगेच उचलू नये. तेवढ्या वेळात पुरुष वाकून आणि स्त्रिया गुडघे किंचित मोडून एकमेकांना नमस्कार करत असतात. ते दोघं सरळ उभे राहीपर्यंत सूर चालू ठेवायचा.